नाव टाकलेली परात

ओट्यावर नवी परात दिसली तेव्हा चंद्रकलाच्या मनात आधी एवढंच आलं, की ही कोणाच्या घरची? सकाळपासून सीताबर्डीच्या बाजारात धागा शोधून ती भर उन्हातून आली होती. तोंडाला गुंडाळलेला पदर अजून सोडला नव्हता आणि मुठीतली मरून रंगाच्या धाग्याची रिळं घामानं ओली झाली होती. मे महिन्यातल्या रविवारी दुपारी नागपुरात शहाणं माणूस घराबाहेर पडत नाही. पण तिला धागा आजच पाहिजे होता, कारण उद्या सोमवारी सकाळी सदर भागात हातमाग केंद्र काढणाऱ्या इंदुताईंपुढे आपण शिवलेला जुना झगा ठेवायचा होता आणि झग्याची खालची तुरपाई एका बाजूला सुटली होती. तेवढी घातली की झालं, असं ती वाटभर स्वतःशी म्हणत आली होती. तुळसाबाई, तिच्या सासूबाई, ओट्याखाली पाट घेऊन बसल्या होत्या आणि आधीच लख्ख असलेली परात पदरानं पुन्हा पुन्हा पुसत होत्या. तुह्या नावाची आहे, त्या म्हणाल्या, पाह्य, नाव बी टाकलं. खरंच, परातीच्या काठाशी मशीननं ठिपक्याठिपक्यांत कोरलेलं होतं, सौ. चंद्रकला गिरिधर हेडाऊ. अक्षरं जरा तिरकी होती. लग्नाला दहा वर्षं होऊन गेली तरी या घरातल्या एकाही भांड्यावर तिचं नाव नव्हतं. पाण्याच्या गुंडावर सासऱ्यांचं, ताटांवर नणंदेच्या लग्नाची तारीख, डब्यांवर कुणाकुणाकडून सप्रेम भेट. तिला क्षणभर बरं वाटलं. त्या क्षणी आपल्याला बरं वाटलं होतं, हेच पुढे तिला सगळ्यात जास्त झोंबलं. मग तिनं विचारलं की कशावर घेतली, कारण भांडेवाली भांडी देते ती जुन्या कपड्यांवर, आणि एवढी मोठी परात दोन विरलेल्या लुगड्यांवर कोणी देत नाही. तुळसाबाईंचा पुसता हात थांबला. "तो तुह्या पेटीतला झगा," त्या म्हणाल्या. "पडूनच त होता वं. मी देल्ला."

पेटी उघडीच होती. आत तिची शालू-पैठणी म्हणावी अशी दोन लुगडी, सुट्टीत मामाकडे गेलेल्या मुलीची बाळलेणी, डांबराच्या गोळ्या, आणि मधोमध खड्डा. झगा जिथं घडी करून ठेवलेला असायचा तिथं जुन्या मलमलचं फडकं तेवढं होतं, कारण झगा त्या फडक्यात गुंडाळलेला असे आणि ज्यानं कोणी काढला त्यानं फडकं काढून ठेवलं होतं. म्हणजे निवांतपणे काढला. घाईत चोरी करणारा फडक्यासकट नेतो. ती बाहेरच्या खोलीत आली. गिरिधर कूलरच्या तोंडाशी खाट टाकून पडला होता आणि छातीवर पेपर होता. त्यानं एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला की अरेरे, आईनं दिला का, मला वाटलं तो दुसरा असेल, तू आधी सांगून ठेवायला पाहिजे होतंस. मग म्हणाला की जाऊ दे, परात छान आहे, मीच चौकात जाऊन तुझं नाव टाकून आणलं. तो असंच पुस्तकातलं मराठी बोले. ऑफिसात साहेबांच्या खोलीत जाऊ लागल्यापासून घरातही त्याचं 'मले' चं 'मला' झालं होतं. तिनं विचारलं, उद्या मी काय घेऊन जाऊ? तो म्हणाला की इंदुताईंना सांग, झालं असं असं. समजून घेतील. चांगल्या बाई आहेत. आणि डोळा मिटला.

गिरिधर कधी नाही म्हणत नसे. आळीतल्या बायका तिला नशीबवान म्हणत, कारण हा माणूस दारू पीत नाही, हात उचलत नाही, आवाज चढवत नाही. ते सगळं खरं होतं. लग्नाआधी पाहायला आला तेव्हा त्यानंच सगळ्यांदेखत विचारलं होतं की शिवण कुठवर शिकलात, आणि म्हणाला होता की पुढे आपण छोटंसं दुकान टाकू. तिच्या बाबांनी, देवरावांनी, ते ऐकून मान खाली घालून डोळे पुसले होते. दुकानाला तो कधीच नाही म्हणाला नाही. फक्त पहिल्या वर्षी खोलीला रंग द्यायचा होता. दुसऱ्या वर्षी पोटात मुलगी होती. मग शिवणयंत्र बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत गेलं, कारण पाहुण्यांना बसायला जागा पाहिजे. आतल्या खोलीतून ते भंडाऱ्याच्या नणंदेकडे गेलं, तिच्या बाळंतपणात झबली शिवायला, आणि त्या बाळाची मुंज व्हायची वेळ आली तरी तिथंच होतं. तू म्हणशील तेव्हा आणू, असं तो प्रत्येक वेळी म्हणे, आणि ती म्हणे तेव्हा भंडाऱ्याला जाणारं कोणी नसे. भांडायला गेलं तर हाताला काही लागत नाही. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येतं, डोकं आपटता येतं, माहेरी निघून जाता येतं. याच्याशी काय करायचं? गोगलगाय अन् पोटात पाय, असं तिची आई म्हणायची, पण ते शेजाऱ्याबद्दल. जावयाबद्दल म्हणायला ती जगली नाही. आतापर्यंत चंद्रकलाही मनात तसं म्हणाली नव्हती. आज ती कूलरच्या घरघरीत उभी राहून ते शब्द तोंडातल्या तोंडात पुटपुटली, आणि गिरिधर झोपेत असल्यासारखा हुं म्हणाला.

राग तिला उशिरा येई. उमरेडला लहानपणी मागावर धागा तुटला की बाबांचा राग तिथल्या तिथं निघे, ते हातोड्यानं खुंटी ठोकत आणि मोकळे होत. तिचा राग चुलीवर ठेवलेल्या दुधासारखा, कितीतरी वेळ काहीच होत नाही. ती परत आत गेली. तुळसाबाई तिच्याकडे न पाहता म्हणाल्या की एवढ्याशा कापडावर एवढी परात, भांडेवाली येडीच म्हटली पाह्यजे. चंद्रकलाला वाटलं, ओरडून सांगावं की येडी ती नाही. कांताबाई भांडेवालीच्या बोटांना कापड कळतं. तुम्ही तिला टसर रेशीम दिलं, हातमागावरचं, दातेरी करवती काठाचं, माझ्या बापाच्या हातचं. पण सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि त्यांनी परात अशी धरली होती, जशी एखादी चूक झाकायला पोर पाठीमागं काही धरतं. त्यांच्यावर ओरडून तिला काय मिळणार होतं? तिनं त्यांच्या हातातून परात घेतली. बदलून आणते, ती म्हणाली. तुळसाबाई उठायला लागल्या, आता उन्हाचं कुठं चालली वं, उष्माघात होईन, पण तोवर ती दाराबाहेर पडली होती, परात काखेत, कपाळावर पदर, आणि मुठीत अजून तीच रिळं.

रिक्षा मिळेना. रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं आणि चपला चिकटून सुटत होत्या. परातीला ऊन लागून ती काखेत भाजायला लागली तेव्हा तिनं ती डोक्यावर घेतली, आणि अशी ती, हेड क्लार्क हेडाऊ यांची बायको, हनुमाननगरातून परात डोक्यावर घेऊन चालली. बघू दे ज्याला बघायचंय त्याला. तिच्या लग्नाआधी मुंबईच्या मॅडम पहिल्यांदा उमरेडला आल्या तेव्हाही असंच गाव बघायला जमलं होतं. आखूड केस, डोळ्यांवर भला मोठा काळा चष्मा, आणि मोडकं हिंदी. त्या मुंबईत बायकांचे लांब झगे करीत. मोठ्या हॉटेलात ते घालून मुली चालत आणि इंग्रजी मासिकांत फोटो येत. त्यांना करवती काठाचं टसर पाहिजे होतं, पण लुगडं म्हणून नाही. काठ त्यांना पायाशी नको होता. तो पायापासून तिरपा वर चढत जावा, छातीवरून जाऊन डाव्या खांद्यावर पोचावा आणि तिथून पाठीवर उतरावा, असं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. बाबांनी चित्र पाहिलं आणि माग सोडून बाहेर जाऊन बसले. "काठ पायाशी राह्यते," ते चंद्रकलाला म्हणाले होते. "खांद्यावर काहून चढवून राहिली ही बाई?" दोन दिवस ते तिच्याशीही बोलले नाहीत. मग एका सकाळी काही न सांगता त्यांनी मागावर उभ्या धाग्यांचा ताणा लावला आणि काठ नेहमीपेक्षा रुंद घेतला. झगा शिवायचा कोणी, तर नागपूरच्या शिवणवर्गात शिकलेल्या मुलीनं. खांद्याशी पुढचा काठ आणि मागचा काठ भेटत तिथं करवतीचे दात एकावर एक चढून बसत आणि ते फार वाईट दिसे. तिनं तिथली शिवण उसवून, दातात दात बसवून, हातानं जोड घातला. लागोपाठ तिसऱ्यांदा उसवलं तेव्हा तो जमला. मॅडमनी बोटानं जोड शोधला, त्यांना तो सापडला नाही, आणि त्या हसल्या. त्या हिवाळ्यात तिनं असे बरेच झगे शिवले. शेवटचा मॅडमनी तिच्याच मापाचा करवून घेतला आणि तिलाच दिला. बाकी सगळ्यांच्या गळ्याशी आतून त्यांच्या नावाची पट्टी होती, याला नव्हती. इथं तू आपलं नाव लाव, त्या म्हणाल्या, दुकान निघालं की. मुंबईला येतेस का, असंही एकदा विचारलं. पण तेव्हा गिरिधरची पसंती आली होती.

तो झगा तिनं आयुष्यात एकदाच अंगावर घातला. उमरेडच्या घरात, दार लावून, आणि बाबांना दाखवला. देवरावांची नजर काठाबरोबर पायापासून वर चढत गेली. मग तिच्या खांद्याकडे बोट करून म्हणाले, "चढला त चढला. आता उतरवू नको." एवढंच. तिला तेव्हा वाटलं, ते काठाबद्दल बोलतायत. पुढे बाबा गेले, आणि भाऊ गोविंदानं दोन माग विकून एक ठेवला. तो आता त्यावर टॉवेल विणतो, कारण टसर घेणारं कोणी नाही. आणि मागच्या आठवड्यात शेजारच्या घरी हळदीकुंकवाला इंदुताई भेटल्या. त्या सदरला हातमाग कापडाचं नवं केंद्र काढत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या की आता मुंबईत लोक त्या मॅडमचे दहा वर्षांपूर्वीचे झगे शोधत फिरतायत, मिळत नाहीत, मॅडम तर परदेशी निघून गेल्या, आणि तो खांद्याचा जोड आता कोणाला जमत नाही. चंद्रकलाच्या हातातला पेढा तसाच राहिला. तो जोड माझा आहे, ती म्हणाली. आपलं असं काही कुणाला सांगायची तिची ती पहिलीच वेळ असावी. इंदुताईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, मग आण की दाखवायला. झगा पाहीन, जोड पाहीन, आणि तुझा असेल तर शिवणाचा विभाग तू सांभाळ, आणि उमरेडचं टसर आपण घेऊ. सोमवारी हातमाग खात्याचे अधिकारी यायचे आहेत, त्यांच्यासमोरच दाखव. हे सगळं तिनं घरी आल्या आल्या गिरिधरला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, वा. मग ताट पुढे ओढून म्हणाला, आपल्या दोन पिढ्या गेल्या मागाखालच्या त्या खड्ड्यातून पाय वर काढायला. माझ्या बापानं मागाची लाकडं जाळली तेव्हा मी मॅट्रिकला बसलो. पण तुझी इच्छा असेल तर बघू. आपला हा नवरा किती समजूतदार, असं तेव्हा तिला वाटलं होतं की नव्हतं? आता डोक्यावर तापलेली परात घेऊन चालताना तिला ते आठवेना, आणि आठवत नाही याचाच तिला संताप आला.

लकडगंजच्या पलीकडे जुन्या कपड्यांचा बाजार भरतो ती गल्ली तिला ऐकून माहीत होती. तिथं भांडेवाल्या आठवडाभराचे कपडे धुऊन, शिवून, ठाकठीक करून विकायला बसतात. दोन्ही बाजूंना दोऱ्यांवर शहरातल्या घराघरांतले शर्ट, परकर, शाळेचे गणवेश लोंबत होते. कुणाच्या कोपराला ठिगळ, कुणाच्या कॉलरवर मळाची रेघ. तिला ओळखीचे कपडे दिसतील असं वाटून अंगावर काटा आला. आणि मग झगा दिसला. कांताबाईनं तो दोरीवर नाही, बांबूला वर उंच अडकवला होता, दुकानाची पाटी लावतात तसा, आणि उन्हात टसर मधासारखं पेटलं होतं. मरून काठ तिरपा वर चढत गेला होता आणि खांद्यावर जोड दिसत नव्हता. दहा वर्षं तिनं तो डांबराच्या गोळ्यांत घडी घालून ठेवला होता. उजेडात तो तिनं आज पाहिला. रडायला ती इथं आली नव्हती.

कांताबाई मोठ्या बांध्याची, पानानं ओठ लाल झालेली बाई, वर्षानुवर्षं त्यांच्या आळीत टोपलं घेऊन येणारी. तिनं चंद्रकलाला बसायला पोतं दिलं आणि माठातलं पाणी दिलं. चंद्रकलानं परात पुढे ठेवली आणि म्हणाली की सासूबाईंकडून चूक झाली, त्यांना कमी दिसतं, ही घ्या आणि झगा परत द्या. कांताबाईनं परात उचलली, काठावरून अंगठा फिरवला, आणि ठिपक्यांशी अंगठा थांबला. तिनं परात खाली ठेवली. नाव टाकलं का बाई, ती म्हणाली. मग ही वापस नाही होत. दुसऱ्याच्या नावाचं भांडं कोणत्या घरात जाईन, चोरीचं म्हणतीन. चंद्रकलाला हे माहीत होतं. आळीतल्या प्रत्येक बाईला माहीत असतं, पहिला आठवडा भांड्यावर नाव टाकायचं नसतं, मन पालटलं तर बदलता येतं. वाटभर तिच्या डोक्यात तो नियम कसा आला नाही? मग कांताबाई म्हणाली ते तिनं नीट ऐकून घेतलं, कारण कांताबाईच्या आवाजात कुठंही आळ घेण्याचा भाव नव्हता, ती फक्त आपली बाजू सांगत होती. "मायले बोल नोका लावू. माय त म्हणे, सुनेले पुसू दे. सायेबानं स्वतः पेटीतून काढून आणला. मी म्हटलं, नाव नोका टाकू, बाईले पसंत नाही पडली त बदलून देईन. त सायेब म्हणे, नाव टाकलं का वापस होत नाही ना? मी म्हटलं नाही होत. म्हणे, मंग टाकूनच घेतो."

गल्लीत कोणीतरी भाव करत होतं, कोणाचं तरी मूल रडत होतं. चंद्रकला पोत्यावर बसून राहिली आणि तिच्या डोक्यात एकामागून एक दारं आपटत गेली. शिवणयंत्र भंडाऱ्याला गेलं तेव्हा नणंदेनं ते मागितलं तरी होतं का? त्या खोलीला खरंच रंग लागायला आला होता का? दहा वर्षं ती ज्याला कधी योग, कधी घाई, कधी विसरभोळेपणा समजत आली, ते सगळं एका माणसानं बसून, शांतपणे, फडकं बाजूला काढून केलेलं होतं. आणि वर तिच्या नावानं. नाव टाकायचं ते तिचं, आणि टाकायचं ते कशावर, तर जे परत होऊ नये त्यावर. एवढं डोकं त्यानं ऑफिसात लावलं असतं तर साहेब झाला असता. आणि त्याची आई, मोतीबिंदूच्या डोळ्यांची, मी देल्ला म्हणून ते सगळं आपल्या अंगावर घेऊन परात पुसत बसली होती. राग आता पूर्ण आला. उकळी फुटून दूध चुलीवर सांडतं आणि सगळ्या घरात जळका वास भरतो तसा आला. तिनं शांतपणे विचारलं की झगा कशावर मिळेल. कांताबाई म्हणाली की परातीवर मले आता काय घेणं, पैशात सांगू त ऑर्केस्ट्रावाला माणूस मघापासून दोनदा येऊन गेला, त्याच्या गाणाऱ्या बाईसाठी, दिवेलागणीला पैसे घेऊन येतो म्हणाला. तो देईल तेवढे तुमच्यानं होणार नाहीत. पण मी कपड्याची बाई आहे. कपडा आणा तोलामोलाचा. संध्याकाळपर्यंत थांबीन मी. चंद्रकला उठली. परात तिनं तिथंच ठेवली. मी येते, म्हणाली.

तोलामोलाचा कपडा घरात एकच होता. कॉफी रंगाचा टेरीवुलचा सूट, लग्नात सासरे जावयाला देतात तो. देवरावांनी सीताबर्डीवरच्या नामांकित शिंप्याकडून शिवून घेतला होता, त्यासाठी आईच्या पाटल्या गेल्या होत्या, आणि शिंपी म्हणाला होता की नागपुरात असं कापड चार माणसांच्या अंगावर निघेल. गिरिधर तो डांबराच्या गोळ्या खिशात घालून कपाटात टांगून ठेवी आणि दर लग्नाला, दर निरोपसमारंभाला घाली, मे महिन्यातसुद्धा, घामानं न्हाऊन निघाला तरी. कंबर वाढली तशी चंद्रकलानं पँटीची शिवण दोनदा सोडून वाढवली होती, अशी की कोणाला कळू नये. येत्या गुरुवारी मोठ्या साहेबांच्या मुलीचं लग्न होतं आणि सूट कालच उन्हात टाकून पुन्हा आत टांगला होता. ती घरी पोचली तेव्हा गिरिधर पालथा पडून घोरत होता, कूलरनं त्याच्या पाठीचा सदरा फुगला होता. तिनं आतल्या खोलीतलं कपाट उघडलं. दाराची बिजागरी करकरली, तो हलला, पुन्हा घोरू लागला. तिला वाटलं होतं की सूट काढताना काहीतरी वाटेल, पाप, भीती, निदान बाबांची आठवण. बाबांची आठवण आली, पण ती अशी की सूट बाबांनी दिलेला आहे आणि झगाही बाबांनी विणलेला आहे. बाबांचंच बाबांना जातंय. मधल्या मध्ये हा कोण? कोटाच्या खिशातून तिनं साहेबांच्या लग्नाची पत्रिका काढून टेबलावर ठेवली, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. आतल्या दारात तुळसाबाई उभ्या होत्या. काखेतला सूट त्यांना कितपत दिसला कोण जाणे. पण डांबराचा वास तर दोन हातांवरून येत होता. त्यांनी खाटेकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि बाजूला सरकून दार मोकळं केलं.

यावेळी रिक्षा मिळाली. कांताबाईनं सुटाचं अस्तर उलटून पाहिलं, शिवण ताणून पाहिली, कंबरेशी हात थांबला, म्हणाली की वाढवली आहे, पण वाढवणाऱ्याचा हात चांगला आहे. चंद्रकलानं वर बांबूकडे बोट केलं. बांबूवरून झगा खाली आला. खालच्या कडेला धूळ लागली होती, एके ठिकाणी कोणीतरी मापाला धरून टाचणी टोचली होती. तिनं तो मलमलच्या फडक्यात गुंडाळला, ते ती घरून घेऊन आली होती. कांताबाई धंद्याची सचोटी पाळणारी. म्हणाली, सूट भारी आहे, वरून तुमचं काहीतरी निघते, बोला. टोपल्यात ताट होतं, तांब्या होता, डबा होता. चंद्रकलानं खूप शोधून एक वाटी निवडली, सगळ्यात लहान, तुपाची असते तेवढी. कांताबाई म्हणाली एवढीशीच? एवढीच पुरे, ती म्हणाली, आणि परात परत काखेत घेतली.

चौकातल्या भांड्यांच्या दुकानात नाव टाकणारा माणूस मशीनला तेल देत बसला होता. त्यानं परात ओळखली. सकाळी साहेब आले होते ना, म्हणाला, खूप घाईत होते, अक्षर तिरकं आलं, राग मानू नका. तिनं वाटी पुढे केली आणि नाव सांगितलं. भेट म्हणून लिहू का खाली, त्यानं विचारलं. नको, ती म्हणाली, नावच टाका. मशीन करकर करत वाटीच्या काठावरून फिरू लागलं आणि एकेक ठिपका उमटताना तिनं पाहिला. गि. रि. ध. वाटी लहान, नाव मोठं, ते फिरून पुन्हा सुरुवातीला येऊन भिडलं. दहा वर्षांत एवढ्या लक्षपूर्वक तिनं नवऱ्याचं नाव वाचलं नव्हतं.

दिवेलागणीला गिरिधर उठला, अंघोळ करून आला, पाटावर बसला. ताट वाढलेलं होतं. वाटीत तूप होतं. तो अंघोळीला गेला तेवढ्यात तिनं बाहेरच्या खोलीत खिडकीच्या गजाला हँगर अडकवून झगा टांगला होता आणि कूलरच्या वाऱ्यानं त्याचा खालचा घेर हलत होता, पण गिरिधर त्याच्याकडे पाठ करून बसला होता, त्याला तो दिसला नव्हता. त्यानं वाटी उचलली, उजेडाकडे धरली, आणि त्याचा चेहरा उजळला. माझं नाव? तो म्हणाला. अगं, हे कधी केलंस? त्याला खरोखरच आनंद झाला होता. दुपारी परातीजवळ उभं राहून आपणही अशाच दिसलो असणार, हे तिला त्या क्षणी कळलं आणि तिचा राग आणखी चढला. तुळसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे करून वाटी मागितली, बोटानं ठिपके चाचपले, आणि विचारलं की कशावर घेतली. चंद्रकला पोळी शेकत होती. तिनं पोळी उलटली. कपाट उघडून पाहा, ती गिरिधरला म्हणाली. तो उठला. आत हँगर एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला, मग पुन्हा एकदा. परत आला तेव्हा येताना त्यानं खिडकीतला झगा पाहिला असावा, कारण तो दारातच थांबला. हातात साहेबांच्या लग्नाची पत्रिका होती. "चंद्रकला," तो म्हणाला, आणि त्याचं पुस्तकातलं मराठी कुठं गेलं कोण जाणे, "माहा सूट कुठं आहे वं? वापस आण तो. आत्ताच्या आत्ता जा, ते भांडेवाली देईन वापस."

"नाही देत," ती म्हणाली. "वाटीवर नाव टाकलं आहे."

त्यानं पत्रिका या हातातून त्या हातात घेतली. काय बोलणार होता? परातीचं बोलला असता तर सकाळचं बोलावं लागलं असतं. तिनं वाट पाहिली. बोल, ती मनात म्हणत होती, एकदा तरी नाही म्हण, ओरड, पत्रिका फाड, म्हणजे मला कळेल की या घरात माझ्याशिवाय आणखी एक माणूस राहतं. तो हळूच येऊन पाटावर बसला आणि पत्रिका त्यानं मांडीखाली सरकवली. तुळसाबाईंनी वाटी त्याच्या ताटात परत ठेवली. "जेव गा," त्या म्हणाल्या, "पोळी निवून राहिली." तो जेवू लागला. वाटीला मात्र त्यानं हात लावला नाही. चंद्रकलानं शेवटची पोळी त्याच्या ताटात टाकली, तवा उतरवला, हात धुतले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन झगा मांडीवर घेतला. मरून धागा सुईत ओवला. गळ्याशी आत नावाची जागा अजून रिकामी होती, तिच्यावरून तिनं एकदा अंगठा फिरवला आणि खालची सुटलेली कड शोधली. सकाळी लवकर निघायचं होतं आणि त्याआधी सगळ्यांच्या डब्याची कणीक परातीत भिजवायची होती.